नवी कार घेताना: कोटेशन कसं वाचावं, घासाघीस कुठे करावी

शोरूममध्ये गेल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत एक कागद हातात पडतो. त्याला कोटेशन म्हणतात. त्यावर दहा-बारा ओळी असतात आणि खाली एक मोठा आकडा असतो, ऑन-रोड किंमत. बहुतेक लोक थेट खालच्या आकड्याकडे बघून विचारतात, "यात किती कमी करता?" सेल्समनला तेच हवं असतं, कारण खाली सोडलेले पैसे मधल्या ओळींतून आरामात परत काढता येतात. म्हणून हा कागद वरून खाली, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचा. आपल्याकडे पहिली कार म्हणजे बऱ्याच घरांत अनेक वर्षांची बचत असते, कुठे भावाने आखातातून पाठवलेली रक्कम असते. तीस-चाळीस हजार असेच जाणं परवडणारं नसतं.

कोणत्या ओळी खऱ्या आणि कोणत्या शोरूमच्या

पहिली ओळ एक्स-शोरूम किंमत. यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी कारवर, तसंच त्याच लांबीच्या १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल कारवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के. वेगळा सेस आता राहिलेला नाही. ही किंमत कंपनीच्या वेबसाइटवर असते, ती घरूनच बघून जा.

दुसरी ओळ रोड टॅक्स, जो महाराष्ट्रात एकदाच भरावा लागतो. स्वतःच्या नावावर घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे, त्यापुढे दर वाढतो. डिझेलला जास्त, सीएनजीला कमी. नोंदणीची सरकारी फी कारसाठी ६०० रुपये आहे. कर्ज काढलं तर बँकेचा बोजा आरसीवर चढवायला १,५०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. कोटेशनमध्ये 'आरटीओ' म्हणून एकच गोल आकडा लिहिला असेल तर तो फोडून मागा. पासिंग झाल्यावर आरटीओची पावती निघते. "जेवढी पावती तेवढेच पैसे, जास्त घेतले असतील तर परत" हे बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या.

गाडीची किंमत १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस लागतो. हा खर्च नाही, तो तुमच्या पॅनवर जमा झालेला आयकर आहे. रिटर्न भरलं की करात वळता होतो आणि कर लागत नसेल तर परत मिळतो. आपल्यातले अनेक छोटे व्यावसायिक रिटर्नच भरत नाहीत आणि हे पैसे तसेच राहतात. शोरूमकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.

यापुढच्या ओळी शोरूमच्या. हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक, ॲक्सेसरीज किट, कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी. यातली एकही सरकारी नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च वेगळा मागणं म्हणजे किराणा दुकानदाराने साखरेच्या भावाशिवाय हमालीही तुमच्याकडून घेण्यासारखं आहे. घासाघिशीची सुरुवात इथूनच करा.

विमा: सगळ्यात जास्त पैसे इथे

नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी बदलली म्हणून तो बदलत नाही. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या नव्या कारला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १२,५५५ रुपये.

फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. तो कायद्याने सक्तीचा नाही, पण नव्या गाडीला जरूर घ्यावा. कर्ज असेल तर बँकच मागते. मात्र तो शोरूमकडूनच घ्यावा असं कुठेही लिहिलेलं नाही. शोरूमला त्यात कमिशन असतं, म्हणून आग्रह असतो. "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही, सर" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं. तुमच्या कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे का हे फोन करून विचारलं की उत्तर मिळतं.

बाहेरून दोन-तीन कोटेशन काढा, पण तुलना सारख्याची सारख्याशी करा. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. आठ लाखांच्या गाडीला ७ लाख ६० हजार. कुणी स्वस्त विमा दाखवत असेल तर आधी आयडीव्ही खाली आणलीय का ते बघा. झिरो डेप्रिसिएशन दोन्हीकडे आहे का तेही बघा. टायर कव्हर, चावी हरवण्याचं कव्हर, सामानाचं कव्हर अशी यादी लांबत जाते, त्यातलं काय लागणार हे ज्याचं त्याने ठरवावं. मला चावीच्या कव्हरचं फार कौतुक वाटत नाही. पाणी साचणाऱ्या वस्तीत राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शन मात्र घ्या.

मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून असेल, तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. आणि जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर जुन्या विम्यावरचा नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन नव्या विम्याला जोडायचं.

किट, कोटिंग, वॉरंटी

ॲक्सेसरीज किटमध्ये मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप, दाराच्या पट्ट्या असतात. यातलं बरंचसं बाहेरच्या दुकानात स्वस्त मिळतं. जॅक, पाना, धोक्याचा लाल त्रिकोण, प्रथमोपचार पेटी हे मात्र गाडीबरोबरच मिळायला हवं, त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. गाडीखालच्या कोटिंगचं कोकणातल्या माणसाने एकवेळ मनावर घ्यावं, खारी हवा असते. मालेगाव-सोलापूरच्या कोरड्या हवेत त्याची घाई नाही. रंगावरचं टेफ्लॉन कोटिंग काही महिन्यांत उतरतं.

एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही. पण ती पहिल्याच दिवशी घ्यावी लागत नाही, कंपनीची मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते. उशीर केला तर भाव थोडा वाढतो, तो आधीच विचारून ठेवा.

आता हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. आठ लाखांची गाडी. हँडलिंग ८,५००, किट १६,०००, कोटिंग ११,०००, वॉरंटी १५,५००. झाले ५१,०००. विमा शोरूमचा ४८,०००, तोच बाहेर ३६,०००, म्हणजे आणखी १२,०००. एकूण ६३,०००. आता सेल्समन मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो, पाच मिनिटांनी हसत येतो आणि म्हणतो, "फक्त तुमच्यासाठी २५,००० कमी केले, सर." तुम्ही खूश होऊन मिठाई घेऊन घरी जाता आणि ३८,००० रुपये जास्तीचे गेलेले असतात.

घासाघीस

दोन किंवा तीन शोरूममधून एकाच मॉडेलची, एकाच व्हेरियंटची लेखी कोटेशन घ्या. राज्यातल्या राज्यात दुसऱ्या शहरातूनही चालतं, रोड टॅक्स तोच असतो. प्रत्येक सूट वेगळी लिहून मागा: रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट. कॉर्पोरेट सूट फक्त मोठ्या कंपन्यांच्या लोकांना मिळते असं नाही, शिक्षक आणि सरकारी नोकरांनाही अनेक कंपन्या देतात. ओळखपत्र आणि पगाराची स्लिप सोबत ठेवा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

महिनाअखेर आणि तिमाहीअखेर शोरूमला टार्गेट पूर्ण करायचं असतं, तेव्हा हात सैल सुटतो. डिसेंबरमध्येही सूट चांगली असते, पण १ जानेवारीला गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. दहा वर्षं वापरणार असाल तर हरकत नाही, तीन वर्षांत विकणार असाल तर ती सूट विक्रीच्या वेळी परत जाते. आणि "ईदच्या आधी गाडी दारात हवी" हे शोरूममध्ये बोलूच नका. घाई दिसली की भाव संपला.

जुनी गाडी देणार असाल तर तिची किंमत बाहेर आधी काढा. एक्स्चेंज बोनस २०,००० देऊन गाडी ४०,०००ने कमी लावणं हा जुना खेळ आहे. त्याहून गंभीर गोष्ट कागदांची. जुनी गाडी दिल्यावर आरसी तुमच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळं होऊ नका. डीलर नोंदणीकृत असेल तर फॉर्म २९-सी ऑनलाइन भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करता येते.

रोख की कर्ज

व्याज नको म्हणून रोख घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना एक अनुभव येतो: रोख म्हटलं की सूट कमी होते. कारण शोरूमला बँकेकडून मिळणारं कमिशन बुडतं. म्हणून भाव पक्का होईपर्यंत पैसे कसे देणार हे सांगू नका. "बघू, ठरवतो" एवढंच. 'शून्य टक्के व्याज' योजना असेल तर तीच गाडी रोखीने कितीला, हे लेखी मागा. रोखीची सूट तिथे मिळत नसेल आणि वर प्रोसेसिंग फी असेल, तर व्याज दुसऱ्या नावाने तिथेच आहे. पुढचा मसला आलिमांना विचारावा, पण त्यांच्यापुढे दोन्ही आकडे ठेवा.

रोख म्हणजे नोटा नव्हेत. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोकड स्वीकारता येत नाही. पैसे शोरूमच्या कंपनीच्या खात्यावर, सेल्समनच्या यूपीआयवर कधीच नाही. बुकिंग रद्द केलं तर किती कापणार हेही फॉर्मवर असू द्या.

ताब्यात घेण्याआधी

उरलेली रक्कम भरण्याआधी गाडी दिवसाउजेडी बघा. रंगातला फरक, दारांच्या फटी, किलोमीटरचा आकडा. टायरवर चार अंक असतात, उदाहरणार्थ ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. चासी नंबर कागदाशी जुळवा. फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, गाडी ताब्यात देणं नियमबाह्य आहे.

"किट घेतलं नाही तर गाडी मिळणार नाही" असं कुणी सांगितलं तर ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल ही अट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा' मानली आहे. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करा, त्याने बरीच कामं होतात. नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत दिलेल्या किमतीची प्रकरणं तिथे चालतात. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कोटेशन, बुकिंग फॉर्म, पावत्या आणि मेसेज तारखेनुसार लावून अर्ज ऑनलाइन करता येतो.