करौली

नववीच्या वर्गात मी खोजीची गोष्ट सांगत होते. पंडित रतननाथ सरशार यांच्या 'फसाना-ए-आज़ाद'मधला हा बुटका, अफूबाज, बढाईखोर माणूस. 1878 पासून लखनौच्या 'अवध अख़बार'मध्ये ही कादंबरी तुकड्यातुकड्यांनी छापून येऊ लागली आणि लोक आज़ादपेक्षा खोजीचीच जास्त वाट पाहू लागले. खोजी जागोजागी मार खातो आणि प्रत्येक वेळी हळहळतो की नेमकी आज करौली जवळ नाही, नाहीतर एकेकाला दाखवलं असतं. ती करौली कधी बाहेर निघत नाही.

"मॅडम, करौली तर राजस्थानात आहे," एक मुलगा म्हणाला. दुसऱ्याने त्याला कोपर मारून सांगितलं, "अरे, चाकू." वर्ग हसला. दोघंही चुकीचे नव्हते, पण पूर्ण बरोबरही नव्हते. चाकू मिटतो. करौली मिटत नाही, तिचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं असतं. आणि ती भांडणाची नाही, शिकारीची सुरी आहे.

शब्दातच ते आहे. 'करावल' हा मध्य आशियातून आलेला तुर्की शब्द. अर्थ पहारेकरी, फौजेच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा. मुघलांकडे तो शिकारखान्यात आला. जनावर कुठे आहे, पाणवठा कुठला, वारा कुठून वाहतोय, हे शोधून काढणारे ते करावल, आणि त्यांचा मुख्य तो करावलबेगी. करावलाच्या कमरेची ती करौली. म्हणजे बादशाहाच्या नव्हे, रानात पायी फिरणाऱ्या नोकराच्या हत्याराचं हे नाव आहे. मला हे फार आवडतं.

'आईने अकबरी'त अबुल फ़ज़लने शस्त्रागाराची यादी दिली आहे. जमधर, खंजर, कार्द, गुप्ती कार्द, चाकू अशी ती नावं आहेत. यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं. जमधर म्हणजे आपली कट्यार. तिची मूठ आडवी, मुठीत धरून सरळ खुपसायची. तिने मांस कापता येत नाही, कातडं सोलता येत नाही. पेशकब्ज़चं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं आणि पाठ जाड असते, कारण ते साखळीच्या चिलखतात घुसवायला घडवलेलं. खंजर वाकडा आणि दुधारी. दरबारात त्याची शान मोठी, यशबाची मूठ, तिला घोड्याचं तोंड कोरलेलं. पण अशा मुठी बहुधा आतून लाखेने किंवा राळेने चिकटवलेल्या असत. रानात ओल्या हाताने जोर लावायचा तर त्यावर किती भरवसा ठेवणार?

कार्द वेगळी. सरळ, एकधारी, हातरोधक नसलेली साधी सुरी. पात्याचंच लोखंड मागे मुठीत शेवटपर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंना हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या पट्ट्या रिवेटने ठोकलेल्या असतात. म्यान खोल असे. मुठीचाही बराच भाग आत जाई, त्यामुळे घोड्यावर दौडताना ती उसळून पडत नसे. हे म्यान कमरेच्या पटक्यात खोचायचं. शिकाऱ्याला हवी ती हीच.

मुसलमान शिकाऱ्याला सुरी लागते याचं आणखी एक कारण आहे, आणि ते शस्त्रांच्या पुस्तकांत क्वचितच सापडतं. अल्लाहचं नाव घेऊन बाण सोडला, किंवा शिकवलेला कुत्रा, बाज सोडला आणि जनावर तिथेच मेलं तर ते हलाल. पण आपण पोचेपर्यंत ते जिवंत असेल तर ज़बह करावंच लागतं. म्हणजे धावत जायचं, आणि हातातल्या सुरीला धार हवी. बोथट सुरीने जनावराला यातना देऊ नका, पातं आधी पाजळून घ्या, असा हदीसचा हुकूम आहे. तेव्हा सुरी निवडताना नक्षी बघायची नसते. धारेला दात पडलेत का, पातं एका फेऱ्यात काम करेल इतकं लांब आहे का, ओली मूठ निसटते का, हे बघायचं.

आता सगळ्यात प्रसिद्ध कार्दची गोष्ट. 10 एप्रिल 1621 रोजी सकाळी जालंधर परगण्यातल्या एका गावात मोठा आवाज झाला आणि आकाशातून उजेड जमिनीवर पडला. तिथला आमिल मुहम्मद सईद घोड्यावरून गेला. दहा-बारा गज जमीन जळलेली होती. खणत गेले तसतशी माती अधिक गरम लागत गेली आणि शेवटी लोखंडाचा गोळा निघाला. जहाँगीरने तो तोलून पाहिला, वजन 160 तोळे भरलं. मग उस्ताद दाऊदला बोलावून त्याची हत्यारं करायला सांगितली. उस्तादाने सांगितलं, हे लोखंड हातोड्याखाली टिकत नाही, फुटतं. तेव्हा तीन भाग हे आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजर आणि एक कार्द घडवली गेली. बादशाहाने हे सगळं स्वतःच्या 'तुज़ुक'मध्ये लिहून ठेवलं आहे. कारागिराचं नाव आणि त्याची तक्रार, दोन्ही. त्यातली कार्द आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. लांबी सुमारे 26 सेंटिमीटर, सोन्याची अक्षरं. मी फोटोच पाहिलाय.

साहेब लोकांची आवड निराळी. सॅम्युएल बेकर हा इंग्रज श्रीलंकेत कुत्रे आणि सुरी घेऊन सांबराची शिकार करायचा. त्याने लंडनहून मुद्दाम बनवून घेतलेल्या सुरीचं पातं एक फूट लांब, दोन इंच रुंद, आणि वजन तीन पौंड, म्हणजे जवळजवळ दीड किलो! पण पुढे भारतातल्या इंग्रज शिकाऱ्यांनी इथलेच कारागीर हुडकले. सेलमचा अरुणाचलम आणि औरंगाबादचा बोदराज ही दोन नावं त्यांच्यात मशहूर होती. डुकराच्या शिकारीचे भाले आणि शिकारी सुऱ्या हा त्यांचा माल. बोदराजच्या पात्यांवर नाव आणि गाव ठोकलेलं सापडतं. दख्खनचं पोलाद आणि दख्खनचा हात. आपल्या मराठी पुस्तकांत त्याचं नाव मला अजून भेटलेलं नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

माझे आजोबा मेळघाटात लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते. आम्ही त्यांना दादामियाँ म्हणायचो. पन्नासच्या दशकात परवाने काढून शिकारी यायचे, त्यांच्यासोबत ते जात. बंदूक त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांचं काम एकच, चितळ पडलं की धावायचं. सोबत एक देशमुख असायचे. ते म्हणत, "मुन्शीजी, आधी तुमचं होऊ द्या, म्हणजे जेवण सगळ्यांचं एकच होईल." त्या कामासाठी दादामियाँकडे एक सुरी होती. घरात तिला करौलीच म्हणत. ती औरंगाबादची आहे, असं ते सांगत. 1972 च्या कायद्यानंतर शिकार संपली आणि ती पेटीत गेली. बकरी ईदलाही बाहेर निघत नसे, त्यासाठी खाटीक आपली सुरी आणायचा.

जानेवारी 1993. मुंबईच्या बातम्या रेडिओवर होत्या. आमच्या गावात काहीच झालं नाही, पण घरांच्या झडत्या होणार अशी बोलवा उठली. रात्री अब्बांनी पेटी उघडली, सुरी गोणपाटात गुंडाळली आणि मागच्या विहिरीत टाकली. मी दारात उभी होते. आवाज झाला तो आठवतो. दादामियाँ तेव्हा हयात होते. त्यांनी सकाळी काही विचारलं नाही, चहा मात्र घेतला नाही.

त्या विहिरीवर आता स्लॅब आहे आणि स्लॅबवर कुणाचं तरी दुकान. पात्यावर इंग्रजी अक्षरं होती, एवढं अब्बांना आठवतं. कोणती, ते नाही. बोदराजचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, "असेल बेटा. आपण कुठे वाचून बघितलं."

करौली शिकवली त्या संध्याकाळी मी घरी येऊन पेटी उघडली. म्यान अजून आहे. अब्बांनी ते टाकलं नव्हतं, का ते त्यांनाही सांगता येत नाही. काळं पडलेलं चामडं, तोंडाशी पितळेची पट्टी. मुठीला जागा अशी नाहीच, फक्त पात्याचं माप. मी वर्गातली पट्टी आत घालून पाहिली. साडेआठ इंच भरलं. रुंदी पावणेदोन.

शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं धरलेलं आहे, तेही जिथे तशी अधिसूचना असेल तिथे. घरकामाच्या आणि शेतीच्या सुऱ्या त्यातून वगळलेल्या आहेत. जमावबंदीच्या काळात रस्त्यावर ती बाळगणं वेगळं, तिथे पोलीस कायदा लागू होतो. पण पेटीतल्या साडेआठ इंचांना कुणी काही म्हणायचं कारण नव्हतं. अर्थात त्या रात्री आमच्या दारात इंच मोजायला कोण थांबलं असतं, हाही प्रश्न आहेच.

अब्बा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मोजमापाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. म्यान पुन्हा जुन्या शालीत गुंडाळून ठेवलं.