आतल्या पाण्याची वाट

ऑक्टोबर लागला की व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरात लहान होड्यांची वर्दळ वाढते. कोणी मेनहून आलेले असते, कोणी मॅसॅच्युसेट्सहून, कोणी थेट कॅनडाच्या क्युबेक प्रांतातून. उत्तरेची थंडी सुरू व्हायच्या आत सगळ्यांना दक्षिण गाठायची असते. होडी तीस-चाळीस फुटांची आणि तिच्यावर माणसे बहुधा दोनच, नवरा आणि बायको. नोकरीतून निवृत्त झालेली, मुले मार्गी लागलेली अशी ही जोडपी. हिवाळ्यात ऊब शोधत उडणाऱ्या पक्ष्यांवरून त्यांना ‘स्नोबर्ड’ असे नाव पडले आहे. नॉरफोकसमोर एलिझाबेथ नदीत त्यांच्या वाटेचा ‘मैल शून्य’ आहे. तिथून मायामीपर्यंत १,०९० मैल. लहान होडीने दिवसाला पन्नास मैल कापले तरी तीन आठवडे जातात आणि धुके, वारा, इंजिनाची दुरुस्ती हे सगळे धरले तर महिना सहज उलटतो.

ही सगळी वाट समुद्राला लागून आहे, पण समुद्रातून जात नाही. खाड्या, नद्या, खाजणे, किनारा आणि वाळूच्या बेटांमधले उथळ पाणी आणि या सगळ्यांना जोडणारे खोदीव कालवे मिळून ‘इंट्राकोस्टल वॉटरवे’ तयार झाला आहे. आज जिच्यावर दोन माणसे चहाचा कप हातात घेऊन सुकाणू धरून बसतात, ती वाट कोणी आणि कशासाठी काढली हा इतिहास मात्र निवांत नाही.

ही वाट काढण्याचे मूळ कारण म्हणजे केप हॅटरस. नॉर्थ कॅरोलायनाचे हे भूशिर अटलांटिकमध्ये पुढे घुसलेले आहे. दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह आणि उत्तरेचे थंड पाणी इथे भेटतात आणि किनाऱ्यापासून दूरवर डायमंड शोल्सची वाळूची पुळण पाण्याखाली पसरलेली असते. या टापूला खलाशी ‘अटलांटिकचे स्मशान’ म्हणत. अमेरिकन यादवी युद्धातली प्रसिद्ध चिलखती युद्धनौका ‘मॉनिटर’ १८६२च्या शेवटच्या दिवशी इथेच बुडाली. युद्धनौकेची ही गत, तर तांदूळ आणि लाकूड वाहणाऱ्या शिडाच्या गलबतांनी काय करायचे?

उत्तर सुचवले ते अल्बर्ट गॅलाटिन यांनी. हे थॉमस जेफरसन यांचे अर्थमंत्री. एप्रिल १८०८मध्ये त्यांनी देशभरच्या रस्त्यांचा आणि कालव्यांचा आराखडा सिनेटपुढे ठेवला. त्यातले किनाऱ्याबद्दलचे निरीक्षण फार नेमके होते. मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियाच्या दक्षिण टोकापर्यंत आतले पाणी जवळजवळ सलग आहे, फक्त चार ठिकाणी जमिनीचे अडसर आहेत. ते कापले की जहाजाला उघड्या समुद्रात जावेच लागणार नाही. खोदाई शंभर मैलांच्याही आत, खर्च सुमारे तीस लाख डॉलर. अमेरिकी काँग्रेसने तो आराखडा बासनात बांधून ठेवला. पुढे १८१२च्या युद्धात ब्रिटिश आरमाराने किनारा कोंडला आणि गॅलाटिन काय म्हणत होते हे व्यापाऱ्यांना चांगलेच कळले.

त्या चार अडसरांपैकी सर्वांत दक्षिणेकडचा, चेसापीक उपसागर आणि अल्बमार्ल साउंड यांच्यामधला, तोवर खासगी कंपनीने कापलाही होता. तिथे ग्रेट डिस्मल स्वॅम्प नावाची अफाट दलदल आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७६३मध्ये ती पाहायला आले आणि ती कोरडी करून शेती आणि लाकूडतोड करण्यासाठी त्यांनी भागीदारांसह कंपनी काढली. दलदल काही कोरडी झाली नाही. १७९३मध्ये मात्र तिच्या कडेने बावीस मैलांचा कालवा दोन्ही टोकांकडून खोदायला सुरुवात झाली आणि १८०५मध्ये तो जोडला गेला. मानवाने खोदलेला आणि अजूनही वापरात असलेला अमेरिकेतला हा सर्वांत जुना कालवा.

खोदला कोणी? गुलामांनी. आजूबाजूच्या मळेवाल्यांकडून ते वर्षाच्या भाड्याने आणले जात आणि भाडे मालकाच्या खिशात जाई. डास, साप, कुजके पाणी आणि सायप्रसच्या मुळांचे जाळे यांतून कुदळ-फावड्याने बारा वर्षे हे काम चालले.

याचा साक्षीदार आहे मोझेस ग्रँडी. सुमारे १७८६मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या कॅमडन परगण्यात जन्मलेला हा गुलाम पुढे याच पाण्यावर होड्यांचा तांडेल झाला. एलिझाबेथ सिटी ते नॉरफोक मालाची ने-आण तो करी आणि मालकाचा वाटा देऊन उरलेल्या पैशांतून स्वतःच्या सुटकेसाठी साठवी. पहिल्या मालकाला त्याने सहाशे डॉलर भरले. मालकाने पैसे घेतले आणि त्याला दुसऱ्याला विकले. दुसऱ्यालाही त्याने सहाशे भरले, पण त्या मालकाने त्याला आधीच गहाण टाकलेले होते. मग एका ओळखीच्या कप्तानाने साडेसहाशे डॉलर मोजून त्याला विकत घेतले, ग्रँडीने ती रक्कमही फेडली आणि तेव्हा कुठे तो मोकळा झाला. एका माणसाने स्वतःचीच किंमत तीनदा चुकवली, एकूण १,८५० डॉलर. त्याच्या पहिल्या बायकोला तर मालकाने परस्पर विकून टाकले होते. विकलेल्या माणसांच्या तांड्यात ती चाललेली त्याला रस्त्यावर दिसली आणि व्यापाऱ्याने त्याला तिच्याशी बोलू दिले तेही लांबूनच. पुन्हा ती त्याला कधी भेटली नाही.

कालव्यावरच्या मजुरांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे की माणसे कमरेएवढ्या, कधी त्याहून खोल चिखलपाण्यात उभी राहून मुळे तोडत आणि गाळ उपसत, आणि डोके पाण्याच्या वर राहते आहे तोवर काम थांबत नसे. त्याची कहाणी १८४३मध्ये लंडनमध्ये छापली गेली. पुस्तकाच्या पैशांतून त्याला आपले गुलामीत अडकलेले नातलग सोडवायचे होते.

याच दलदलीने काही माणसांना आसराही दिला. मळ्यांवरून पळालेले गुलाम आतल्या उंचवट्यांवर लपून राहत आणि कित्येकांनी तिथेच संसार केले. पुरातत्त्वज्ञांना त्या वस्त्यांच्या खुणा सापडल्या आहेत. एकीकडे कालवा खोदणारे गुलाम आणि काही मैलांवर झाडीत त्यांच्यातलेच मोकळे झालेले लोक, असे ते दिवस होते.

होडीने आज या कालव्यात शिरले की पहिल्यांदा नजरेत भरतो तो पाण्याचा रंग. दुधाशिवायच्या चहासारखे तांबूस-काळे पाणी. झाडांच्या साली-पानांतले टॅनिन उतरल्यामुळे तसे होते. हे पाणी लवकर खराब होत नाही, म्हणून जुन्या काळी लांबच्या सफरीवर निघालेली जहाजे त्याची पिंपे भरून घेत. दोन्ही टोकांना, डीप क्रीक आणि साउथ मिल्स इथे, एकेक लॉक आहे. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा बंद करायचा, पाणी सोडून होडी आठेक फूट वर उचलायची आणि पुढचा दरवाजा उघडायचा. या वेळी एक जण पुढच्या दोरावर आणि एक मागच्या दोरावर लागतो. जोडप्यातले दोघेही त्यात गुंततात. पाणी फिरू लागले की दोर सैल सोडायचा की ताणायचा, यावरून पहिल्या दिवशी थोडी तणातणी होते आणि दुसऱ्या लॉकपर्यंत न बोलता कळू लागते.

१८५९मध्ये पूर्वेला दुसरा कालवा सुरू झाला, अल्बमार्ल अँड चेसापीक. तो वाफेच्या यंत्रांनी खोदलेला, अधिक रुंद आणि खोल होता आणि ग्रेट ब्रिजचे एकच लॉक असल्याने व्यापार पाहता पाहता तिकडे वळला. आज मोठ्या होड्या त्याच वाटेने जातात. जुना कालवा शेवटी १९२९मध्ये सरकारने विकत घेतला.

फ्लोरिडात गोष्ट वेगळीच घडली. तिथे १८८१मध्ये स्थापन झालेल्या एका खासगी कंपनीने कालव्याच्या प्रत्येक मैलामागे राज्याकडून ३,८४० एकर जमीन मिळवली. तिचा जीव खोदाईपेक्षा जमिनीत अधिक होता असे म्हटले तर अन्याय होणार नाही, कारण काम पुरे व्हायला १९१२ साल उजाडले. तेव्हाही पाणी उथळ होते आणि पाण्यावर आडव्या साखळ्या ओढून टोल घेतला जाई. १९२७मध्ये राज्याने ‘फ्लोरिडा इनलँड नॅव्हिगेशन डिस्ट्रिक्ट’ ही संस्था काढली. तिने कालवा घेऊन केंद्र सरकारच्या हवाली केला आणि मग साखळ्या सुटल्या. सगळ्यात शेवटचा दुवा साउथ कॅरोलायनात मर्टल बीचच्या मागे एप्रिल १९३६मध्ये पुरा झाला. तिथे कालवा खडकातून कापला आहे आणि दोन्ही काठांना पाण्याखाली दातेरी कडा आहेत. होडीवाले त्या तुकड्याला ‘रॉक पाइल’ म्हणतात आणि समोरून मालवाहू बार्ज येत नाही ना, हे वायरलेसवर विचारूनच आत शिरतात.

जेमतेम सहा वर्षांनी या वाटेची परीक्षा झाली. जानेवारी १९४२पासून जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तेलाची जहाजे बुडवू लागल्या. हॅटरसच्या आसपास जळती जहाजे काठावरून दिसत. इंधन आणि माल वाहणाऱ्या बार्जना तेव्हा आतली वाट मोलाची ठरली.

हौसेने या पाण्यावर उतरणारे मात्र आधीपासून होते. नॅथॅनिएल बिशप यांनी १८७४मध्ये क्युबेकहून निघून मेक्सिकोच्या आखातापर्यंत अडीच हजार मैलांची सफर केली. त्यातला बराचसा भाग चक्क कागदाच्या थरांची बनवलेली ५८ पौंडांची होडी वल्हवत. १९१२मध्ये हेन्री प्लमर आपल्या मुलासह एका चोवीस फुटी शिडाच्या होडीने मायामीला निघाले, सोबत मांजर. त्या काळी अशी सफर म्हणजे पुरुषांचे साहस समजले जाई.

जोडप्यांची वाट झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारने खोली राखली, खुणा रोवल्या. १९४७मध्ये या वाटेची खास मार्गदर्शिका निघू लागली. लहान डिझेल इंजिने आली, मग फायबरग्लासच्या होड्या आल्या आणि दोन माणसांना पेलेल असा हा प्रवास झाला. साहस आले, पण मुक्कामाला रोज काठ मिळू लागला. खुणांची पद्धतही सोपी आहे. दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजव्या हाताला, म्हणजे मुख्य भूमीच्या बाजूला ठेवायच्या आणि खुणेवरचा छोटा पिवळा त्रिकोण सांगतो की ही खूण याच वाटेची. एक जण सुकाणूवर, एक जण दुर्बीण आणि नकाशा घेऊन. पूल जवळ आला की वायरलेसवर पूलवाल्याला हाक मारायची. वाटेवरचे न उघडणारे पूल साधारण ६५ फूट उंचीचे आहेत, पण मायामीतला एक पूल ५६ फुटांचाच आहे. डोलकाठी उंच असली तर तिथे समुद्रात बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही.

टेरी आणि मोनिका डार्लिंग्टन या ब्रिटिश जोडप्याचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. दोघेही सत्तरीतली. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांसाठी बांधलेली साठ फूट लांब आणि सात फुटांहूनही अरुंद अशी ‘फिलिस मे’ ही लोखंडी होडी त्यांनी मालवाहू जहाजावरून अमेरिकेत आणली आणि जिम नावाच्या कुत्र्याला घेऊन व्हर्जिनियाहून फ्लोरिडाकडे निघाली. वाटेतला अल्बमार्ल साउंड उथळ आहे. त्यावर वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि सपाट बुडाच्या होडीला त्या भारी पडतात. तरी ती दोघे फ्लोरिडाला पोहोचली आणि टेरींनी त्यावर पुस्तक लिहिले.

काठावरच्या गावांनीही या पाहुण्यांना आपले मानले. एलिझाबेथ सिटीत, जिथे ग्रँडी कधीकाळी होड्यांत माल भरत असे, १९८३मध्ये फ्रेड फिअरिंग आणि जो क्रेमर या दोन निवृत्त मित्रांनी एक रिवाज सुरू केला. धक्क्याला होडी लागली की क्रेमर आपल्या बागेतला गुलाब तोडून होडीवरच्या बाईंना देत आणि फिअरिंग सगळ्यांना वाइन आणि चीज देत. धक्का दोन दिवस फुकट. क्रेमर गेल्यावर त्यांची गुलाबाची झाडे धक्क्याजवळ आणून लावली गेली आणि गावातल्या इतरांनी रिवाज पुढे चालवला.

आता अडचण गाळाची आहे. गाळ उपसण्याचा सरकारी पैसा ठरतो तो वाहिलेल्या मालाच्या टनांवर. बार्जची वाहतूक घटली आणि हजारो लहान होड्या त्या हिशेबात धरल्याच जात नाहीत. फ्लोरिडातली ती १९२७ची संस्था किनाऱ्यालगतच्या बारा परगण्यांतून मालमत्तेवर लहानसा कर घेऊन वाट राखते, म्हणून तिथे पाणी बरे आहे. जॉर्जियात तशी संस्था नाही. तिथे भरती-ओहोटीत सात-आठ फुटांचा फरक पडतो आणि ओहोटीला काही ठिकाणी होडी सरळ चिखलात रुतते. डिस्मल स्वॅम्पचा कालवा तर २०१६च्या मॅथ्यू चक्रीवादळानंतर पडलेली झाडे आणि गाळ काढेपर्यंत कित्येक महिने बंद होता. फ्लोरिडाने काढलेला मार्ग बाकीच्या राज्यांनी उचलायला हवा. टनांचा हिशेब धरून ही वाट टिकणार नाही.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे किंवा निदान नकाशावर बोट ठेवून तो पाहायचा आहे, त्यांनी मार्गदर्शिकेआधी मोझेस ग्रँडी याची कहाणी वाचावी. पुस्तक लहान आहे आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने ते इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे.