तरवडाची साल

दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात, मुरमाड माळावर, पडीक रानात तरवड आपोआप उगवतो. शेंगवर्गातले हे झुडूप. फुले हळदीसारखी पिवळी, शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. कमी पाऊस आणि निकस जमीन त्याला पुरते. लिनियसने 1753 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पण इंग्रजीत रूढ झालेले त्याचे एक नाव आहे ‘टॅनर्स कॅशिया’, म्हणजे कातडे कमावणाऱ्याचा तरवड. परक्या भाषेने हे झाड कष्टकऱ्याच्या नावाने ओळखले. आमच्या इतिहासग्रंथांनी काय केले?

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझे आजोबा ढोर; आयुष्यभर कातडी कमावली. चुन्याच्या कुंडात कातडे भिजवायचे, केस खरवडायचे, मग बाभळीच्या, तरवडाच्या सालीच्या पाण्यात मुरवायचे. सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसते, म्हणून ते कुजत नाही. हे रसायनशास्त्रच होय. कोणती साल, किती पाणी, किती दिवस, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते. परंतु आमच्या व्यवस्थेने या ज्ञानाला ‘विटाळ’ हे एकच नाव दिले.

विटाळ झाडाला मात्र नव्हता! नवरात्रात तरवडाच्या फुलांची माळ घटावर चढते. तेलंगणात बतुकम्मेच्या सणाला हीच फुले रचतात आणि 2014 मध्ये ते त्या राज्याचे राज्यफूल झाले. फूल देवघरात गेले. कमावलेल्या कातड्याची मोट विहिरीत उतरली, त्या पाण्यावर बागायती पिकल्या. मोटेचे कातडे कमावणारा तेवढा गावकुसाबाहेर राहिला. म्हणजे विटाळ वस्तूत नव्हता. तो माणसावर लादलेला होता.

एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात याच सालीने कमावलेली कातडी इंग्लंडला जात होती. पुढे आल्फ्रेड चॅटरटन यांनी मद्रासेत क्रोम कमावणीचे प्रयोग केले, दक्षिण आफ्रिकेतून वॉटलची साल येऊ लागली. क्रोमचा प्रयोग ज्याने केला त्याचे नाव नोंदले गेले. तरवडाचा गुण पहिल्यांदा ज्याने ओळखला, त्याचे नाव कोणत्या दप्तरात आहे?

यावर कोणी म्हणेल, मग पुन्हा कुंडाकडे चला, परंपरा जपा. हा डाव आपण ओळखला पाहिजे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा असे बजावले, ते माणूसपणासाठी. जातीने लादलेला धंदा सोडणे हा आपला हक्क आहे. त्या धंद्यात पिढ्यांनी कमावलेल्या ज्ञानावर नाव सांगणे हाही आपलाच हक्क आहे. पहिला हक्क आपण झगडून मिळवत आलो. दुसऱ्यासाठी आता लेखणी हवी. कुंडावर राबलेली जी म्हातारी माणसे आज हयात आहेत, त्यांच्याकडून सालींची नावे, मापे, दिवस लिहून घ्या. ती गेली की हा ग्रंथही जाईल.