नोबेल, बुकर, गाँकूर : कॅनडाच्या लेखकांची जगात ओळख कशी झाली?

कॅनडाच्या अधिकृत भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. त्यामुळे तिथल्या पुस्तकांची बाहेरची पारखही दोन ठिकाणी होते. इंग्रजीची मुख्यतः लंडनमध्ये, फ्रेंचची पॅरिसमध्ये. पुरस्कारांची यादी पाहिली, तर त्यात छोट्या गावांतले, अल्पसंख्य भाषेत लिहिणारे आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लेखक बरेच दिसतात.

फ्रेंच लेखिका आणि पॅरिसचा कौल

मॅनिटोबा प्रांतात फ्रेंच बोलणारे अल्पसंख्य. १९१६ मध्ये प्रांताने शाळांतलं द्विभाषिक शिक्षण बंद केलं, तेव्हा गाब्रिएल रॉय लहान होत्या. पुढे त्याच प्रांतात त्यांनी शिक्षिकेची नोकरी केली, पण लिहिलं फ्रेंचमधूनच. मॉन्ट्रियलच्या गरीब कामगार वस्तीवरच्या त्यांच्या पहिल्या कादंबरीला १९४७ मध्ये पॅरिसचा फेमिना पुरस्कार मिळाला. कॅनडाच्या गव्हर्नर जनरल पुरस्कारांत मात्र तेव्हा फ्रेंच पुस्तकांना जागाच नव्हती. म्हणून देशातला हा सन्मान त्याच कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराला देण्यात आला! फ्रेंचसाठी स्वतंत्र विभाग सुरू व्हायला १९५९ साल उजाडलं.

आंतोनिन माये या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या बुक्तूश गावच्या. तिथल्या अकादियन फ्रेंच समाजाला ब्रिटिशांनी १७५५ पासून घरादारातून हुसकावून लावलं होतं. त्या समाजातली एक बाई बैलगाडी घेऊन जॉर्जियातून आपल्या मुलखाकडे परत निघते, ही 'पेलाजी-ला-शारेत' या कादंबरीची कथा. माये यांनी ती पॅरिसच्या प्रमाण भाषेत नाही, तर आपल्या लोकांच्या बोलीचा बाज ठेवून लिहिली. आणि १९७९ मध्ये पॅरिसनेच तिला गाँकूर पुरस्कार दिला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कॅनेडियन.

बुकर आणि मुंबईशी नातं

२०१३ पर्यंत बुकर हा मुख्यतः राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांसाठी होता. त्यात कॅनडाचा वाटा मोठा. कोलंबोत जन्मलेले मायकेल ओंदात्जे १९९२ मध्ये 'द इंग्लिश पेशंट'साठी संयुक्त विजेते ठरले. मार्गारेट अ‍ॅटवूड यांना हा मान दोनदा मिळाला, २००० मध्ये आणि २०१९ मध्ये. दुसऱ्या वेळी तोही विभागून. २००२ चे विजेते यान मार्टेल जन्मले स्पेनमध्ये, आणि त्यांच्या 'लाइफ ऑफ पाय'ची कथा सुरू होते पाँडिचेरीत.

रोहिंटन मिस्त्री यांना बुकर मिळालं नाही, पण त्यांच्या तिन्ही कादंबऱ्या अंतिम यादीपर्यंत पोचल्या. मुंबईत जन्मलेले मिस्त्री १९७५ मध्ये कॅनडाला गेले आणि टोरांटोत बँकेत नोकरी करू लागले. लिहीत राहिले ते मुंबईच्या पारशी घरांबद्दल. 'सच अ लाँग जर्नी'ला १९९१ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. हेच पुस्तक २०१० मध्ये शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेच्या आक्षेपानंतर मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढलं. त्यानंतर दोनच वर्षांनी मिस्त्रींना अमेरिकेतला नॉयश्टाट आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

लेखक नेमका कुठला?

हा प्रश्न तिथे वारंवार येतो. १९७६ चे नोबेल विजेते सॉल बेलो मॉन्ट्रियलजवळ जन्मले, पण वाढले शिकागोत, म्हणून त्यांचं नोबेल अमेरिकेच्या खात्यात गेलं. कॅरल शील्ड्स यांचं नेमकं उलट. जन्म अमेरिकेतला, लेखनाची कर्मभूमी कॅनडा. दोन्हीकडचं नागरिकत्व असल्यामुळे त्यांच्या 'द स्टोन डायरीज'ला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार (१९९३) मिळाला आणि अमेरिकेचा पुलित्झरही (१९९५).

नोबेल

कॅनडाच्या खात्यात साहित्याचं पहिलं नोबेल आलं २०१३ मध्ये, अ‍ॅलिस मनरो यांच्यामुळे. ओंटारिओतल्या विंगहॅम या लहान गावात त्या जन्मल्या आणि आयुष्यभर मुख्यतः लघुकथाच लिहिल्या. बहुतेक कथा त्याच परिसरातल्या. त्यांच्या पहिल्याच संग्रहाला १९६८ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला होता. म्हणजे देशाने त्यांना नोबेलच्या ४५ वर्षं आधी ओळखलं. रॉय यांच्या वाट्याला हे आलं नाही. त्यांच्या मूळ फ्रेंच पुस्तकाला हा पुरस्कार मिळू शकला नाही, तो मिळाला भाषांतराला.