नाचत्या पडद्याचं कूळ

हिंजवडीच्या आयटी पार्कात उबंटू लिनक्स वापरणाऱ्या कुणीही ‘प्रोजेक्टएम’ बसवलं, की संगणकावर वाजणाऱ्या गाण्यासरशी पडद्यावर रंग उसळू लागतात. या खेळाचं मूळ सहसा त्या रंगांत शोधलं जातं. माझ्या मते ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. रायन गाइस यांनी 2001 मध्ये विंडोजवर गाणी वाजवणाऱ्या विनॅम्पसाठी मिल्कड्रॉप हा दृश्यांचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा प्रत्येक दृश्याची सूत्रं वेगळ्या फाइलीत ठेवली. ती कुणीही उघडावी, आकडे बदलावेत. ‘बास’ हा आकडा 1 असेल तर खर्जाकडचा आवाज नेहमीइतका, 1.3 च्या वर गेला तर चढा. तो ‘झूम’ला जोडला की डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर चित्र अंगावर येतं. याच फाइली चालवणारं प्रोजेक्टएम 2003 मध्ये सुरू झालं, आणि मिल्कड्रॉपचा सोर्स कोड खुला झाला 2005 मध्ये. म्हणजे लिनक्सकडे आधी कोड नव्हे, सूत्रांची भाषा आली. चित्र रंगवायला मिल्कड्रॉपच्या डायरेक्टएक्सच्या जागी ओपनजीएल आलं, तरी लोकांनी हौसेनं लिहिलेल्या फाइली चालत राहिल्या.

यावर कुणी म्हणेल, ऑस्ट्रेलियातला ‘क्थुगा’ हा असाच प्रोग्रॅम तर नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांतला. खरं आहे, पण त्याची दृश्यं अशा वाचता येणाऱ्या सूत्रांच्या फाइलींत नव्हती. विनॅम्पच्याच एव्हीएस या दृश्यांच्या प्लगइनमध्ये सूत्रं होती, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र त्याच्या फाइली बायनरी, नुसत्या एडिटरमध्ये वाचता न येणाऱ्या. दुसऱ्याची ओळ उचलून आपल्यात घालण्याची सोय मिल्कड्रॉपनं दिली, आणि गोतावळा वाढला तो त्यामुळे.

‘हे संगीताचं चित्र नव्हे, आवाजाच्या चढउताराचं’ ही तक्रार मात्र मान्य करावी लागते. आलापात तानपुरा अखंड वाजतो, ‘बास’ सरासरीला चिकटतो आणि पडदा पेंगतो. सूर मोजण्याची हौस आपल्याकडे जुनी: सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांवरचं, पुस्तक काढलं. सा 240 हर्ट्झचा धरला, तर 81/80 या गुणोत्तराची सर्वांत लहान श्रुती अवघ्या 3 हर्ट्झची. संगणकानं आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेऊन त्यांतल्या 512 च्या तुकड्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती हे, काढला, तर एकेक खाना 86 हर्ट्झचा पडतो. श्रुती त्यात कुठे हरवली ते कळणारही नाही. कोड खुला आहे, तेव्हा तुकडा 16,384 नमुन्यांचा करता येईल. खाना 2.7 हर्ट्झवर येईल, पण तुकडा 0.37 सेकंदांचा होईल, आणि सेकंदाला आठ सुरांची तान घेतली तर त्या एका तुकड्यात तीन सूर कालवले जातील.