शिवराईचा रास्त भाव

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन गलबतातून चौलला आला. तिथून अष्टमी, निजामपूर करत तो रायगडाखालच्या पाचाडला पोचला. शिवाजी महाराज तेव्हा भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते, त्यामुळे गडाखाली मुक्काम करण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. पुढे ६ जूनला त्याने राज्याभिषेक पाहिला, हिऱ्याची अंगठी नजर केली आणि तहाची कलमं मंजूर करून घेतली. त्या कलमांपैकी बहुतेकांविषयी इतिहासकारांनी भरपूर लिहिलं आहे. माझा जीव अडकला आहे तो नाण्यांच्या कलमात. मी अलिबागच्या सराफाघरची मुलगी, आणि जुन्या नाण्याचा भाव रास्त आहे की नाही हे विचारायला आजही माणसं माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगावं लागतं ते त्या कलमाच्या उत्तरात आधीच आलेलं आहे.

इंग्रजांनी १६७२ मध्ये मुंबईत आपली टांकसाळ सुरू केली होती. गव्हर्नर जेरल्ड आँजियरच्या काळातली ही गोष्ट. नवं नाणं पाडलं तरी ते खाडीपलीकडच्या बाजारात चाललं नाही तर व्यापाऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून त्यांनी मागणी केली की कंपनीचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. महाराजांनी बाकी बरंच मान्य केलं, पण हे कलम अनावश्यक ठरवलं. ऑक्झिंडनने त्यांचं म्हणणं टिपून ठेवलं आहे. त्याचा आशय असा: कुठलंच नाणं मी बंद करत नाही, आणि रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही, तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं चोख आणि वजनदार असेल तर माझी आडकाठी नाही.

नुकतीच स्वतःची नाणी पाडू लागलेल्या राजाने हे सांगावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. हुकमाने नाण्याला किंमत येत नाही, ती काट्यावर आणि कसोटीवर ठरते, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं हे उत्तर आहे. ऑक्झिंडनने सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकाला लटकवलेला सोन्याचा तराजूही पाहिला होता. महाराजांची सुवर्णतुला झाली तेव्हा पारड्यात सुमारे सोळा हजार सोन्याचे होन पडले, असंही त्याने लिहिलं आहे. आमच्याकडे असा आकडा दिसला की हात आपोआप हिशेबाला लागतो. साडेतीन मासे वजनाचा होन धरला तर छप्पन्न हजार मासे, म्हणजे सुमारे ४,६६६ तोळे. आजच्या मापात चोपन्न किलोच्या आसपास. होन नक्की कुठल्या वजनाचे होते त्यावर हे उत्तर थोडं हलेल, पण परक्या वकिलाने राजाचं वजन नाण्यांच्या संख्येत नोंदवावं, यातच तो काळ दिसतो.

या किनाऱ्यावर एका वेळी किती नाणी फिरत होती! दक्षिणेकडचे सोन्याचे होन, सुरतेचे रुपये, रेवदंड्याच्या कोटातली पोर्तुगीजांची नाणी, तांब्याची शिवराई, आणि आखाताच्या व्यापारातून आलेली लारी. लारी ज्याने पाहिली नसेल त्याला ती नाणं वाटणारच नाही. केसांच्या आकड्यासारखी मधोमध दुमडलेली चांदीची तार, आणि तिच्या दोन्ही अंगांवर उमटलेला ठशाचा तुकडा. इराणातल्या लार गावावरून तिला हे नाव मिळालं. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही कोकणासाठी लाऱ्या पाडल्या. वजन पाच माशांच्या आतबाहेर.

इतकी नाणी एकाच पेठेत आली की प्रत्येकाचा भाव दुसऱ्यात मोजावा लागतो. नाणं झिजलेलं असेल, चांदीत भेसळ जास्त असेल, किंवा ते दुसऱ्या प्रांतातलं असेल तर त्यावर बट्टा बसायचा. तो ठरवणं हे सराफाचं काम. आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी देव्हाऱ्यातले रुपये आणले की त्याच पद्धतीने तपासायचे. आधी फरशीवर वाजवून आवाज ऐकायचे. मग काट्यावर एका पारड्यात रुपया, दुसऱ्यात वजनं, आणि उरलेल्या फरकाला गुंजा. शेवटी कसोटीच्या दगडावर एक रेघ. नाण्यावरची अक्षरं ते सगळ्यात शेवटी वाचत. राजा कोण, हा प्रश्न त्यांच्या धंद्यात चौथ्या क्रमांकाचा होता.

काही जुन्या रुपयांच्या अंगावर बारीक ठोके दिसतात. आत तांबं तर नाही ना, हे पाहण्यासाठी सराफांनी पाडलेले ते ठसे. त्या काळी असा ठसा म्हणजे एका जाणत्याने नाणं पारखल्याची खूण होती, आणि पुढचा माणूस ते निर्धास्त घ्यायचा. आज संग्राहक त्याच ठशासाठी किंमत पाडतात, कारण त्यांना कोरं, न दुखावलेलं नाणं हवं असतं. हे मला पटत नाही. ठसेवाला रुपया बाजारात खऱ्या अर्थाने जगलेला असतो, आणि तो स्वस्तात मिळतोय म्हणून मी आनंदाने घेते.

बट्ट्याचं हे जग १८३५ मध्ये आवरलं. कंपनीच्या कायद्याने तिच्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. पाच वर्षांनी, १८४० मध्ये, आंग्र्यांचं कुलाबा संस्थानही कंपनीने खालसा केलं. आंग्र्यांचा अलिबागी रुपया त्यानंतर हळूहळू लोकांच्या बोलण्यातच उरला. आता अलिबागला येणाऱ्या पर्यटकाला फारसी अक्षरांचा कुठलाही घासलेला रुपया ‘अलिबागी’ म्हणून दाखवला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टांकसाळीचं नाव नाण्याबाहेर गेलेलं असलं की विकणाऱ्याला हवं ते नाव लावता येतं.

शिवराईच्या बाबतीत हे आणखी सोपं जातं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. साल नाही, टांकसाळ नाही. हाच मजकूर महाराजांनंतरच्या छत्रपतींच्या काळातही चालू राहिला. पेशवाईत तर टांकसाळीचे परवाने खासगी लोकांना दिले जात. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी राज्यातल्या नाण्यांवर लिहिलेल्या निबंधात १७४४ सालच्या अशा परवान्यांची नोंद आहे, आणि ते होते आपल्याच रेवदंड्याचे आणि नागोठण्याचे. रेवदंडा पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. म्हणजे चौल-रेवदंड्याच्या वाडीत सापडलेली शिवराई रायगडाच्या काळातली असू शकते, तशीच ती महाराजांनंतर सत्तर वर्षांनी कोपऱ्यावरच्या भट्टीत पाडलेलीही असू शकते.

माझ्या भाच्याने एका जत्रेत दीड हजार रुपयांना शिवराई घेतली. ‘महाराजांच्या हातची, थेट रायगडावरची,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. नाणं खरं होतं, त्याबद्दल शंका नाही. ओतीव नकलेच्या कडेला दिसणारी शिवण नव्हती, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे नव्हते, अक्षरांच्या कडा ठशाखाली दाबल्या गेलेल्या होत्या. पण अक्षरांच्या मधून दोन समांतर रेघा गेलेल्या, म्हणजे ती दुदांडी, उशिराच्या काळातली. जुनी भरदार शिवराई अकरा-बारा ग्रॅमच्या घरात जाते, ही नऊच्या थोडी वर. ‘छत्र’ अर्धं नाण्याबाहेर. आणि कुणीतरी चिंचेने घासून ती पार गुलाबी केलेली! शंभर-दीडशे वर्षांत तांब्यावर जी काळसर-हिरवी कांती चढते ती एकदा गेली की परत येत नाही, आणि तिच्याबरोबर नाण्याची निम्मी किंमत जाते.

“मावशी, फसलो का मी?” तो विचारत होता. मी त्याच्यासमोर मुंबईतल्या लिलावांच्या याद्या ठेवल्या. त्यांत छापलेल्या अंदाजी किमती मी बघत नाही, शेवटी हातोडा कुठे पडला ते बघते, आणि तेही त्याच जातीच्या, तितक्याच झिजलेल्या नाण्याचं. अशा दुदांड्या तिथे तीनशेच्या आसपास गेल्या होत्या. तांब्याची म्हणाल तर ती किंमत नगण्यच. त्याने तीनशे नाण्याचे दिले होते आणि बाराशे गोष्टीचे. नाण्यावर जे दिसतं, मोजता येतं, दुसऱ्या जाणकारालाही दाखवता येतं, तेवढ्याचाच भाव रास्त. बाकीचं लेखी मिळणार असेल तरच त्याचा भाव द्यावा. माझ्याकडच्या एका लारीला मी चांदीच्या भावाच्या कितीतरी पट पैसे मोजले आहेत आणि ते मला जास्त वाटत नाहीत. तिच्यावर ठशातली अक्षरं वाचता येतात, ती आधी कुणाच्या संग्रहात होती ते पावतीवर लिहिलेलं आहे, आणि वजन पाच माशांना धरून आहे.

सोन्याच्या शिवकालीन होनाबद्दल विचारायला येणाऱ्यांशी मी कठोरपणे बोलते. खरे होन इतके थोडे आहेत की फिरत्या विक्रेत्याच्या पिशवीतून ते निघत नाहीत. नकला मात्र ढीगभर आहेत, आणि त्यांतल्या काही चांगल्या सोन्याच्याही आहेत, त्यामुळे कसोटी तिथे पुरत नाही.

आणि भावाच्या आधी मी एक गोष्ट विचारते: कुठे मिळालं? चौलच्या वाड्यांत नारळा-सुपारीचे खड्डे खणताना आजही काही ना काही वर येतं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर तो कलेक्टरला कळवावा लागतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. पण कायद्याच्या आधी मला नाणी ज्यात पुरलेली असतात त्या मडक्याची काळजी वाटते. एका मडक्यात लाऱ्या, शिवराया आणि सुरती रुपये एकत्र निघाले, तर कुठली नाणी एकाच वेळी एका घरात होती आणि कशाचा साठा करावासा वाटत होता, हे त्यातून कळतं. तीच नाणी एकेक करून पाच गावांत विकली गेली की प्रत्येकाचा भाव कदाचित बरोबर येईल, पण ती कहाणी कुणालाच परत जुळवता येणार नाही. असं मडक्यातून फुटून आलेलं नाणं माझ्यापुढे ठेवलं जातं तेव्हा मी त्याचं वजन करून देते, कुठला कागद करायचा ते सांगते, आणि कितीही स्वस्त पडत असलं तरी ते विकत घेत नाही.