ग्रास कटरचं इंजिन: पेट्रोल-ऑइलचं प्रमाण आणि नेहमीची देखभाल

खांद्याला अडकवून गवत कापायचं पेट्रोलवरचं यंत्र म्हणजे ब्रश कटर. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत त्याला सरसकट ग्रास कटरच म्हणतात. यात दोन प्रकारची इंजिनं येतात आणि आपलं कोणतं, हे आधी माहीत हवं.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं भरायची सोय नसते. पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधूनच. नुसत्या पेट्रोलवर चालवलं तर पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो, आणि मग खर्च मोठा. प्रमाण मॅन्युअलमध्ये असतं: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. बुचाने अंदाजे ओतू नका, मापाची बाटली ठेवा. मजूर बदलत असतील तर कॅनवर ठळक लिहून ठेवलेलं बरं. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल साधं आणि ऑइल वेगळं. त्याची पातळी रोज बघायची, बदलायचं साधारण पहिल्या १० तासांनी, मग दर ५० तासांनी.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं बाष्प शोषतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे बाष्पाला काय तोटा! पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी तळाशी बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतली नळी ओढते तळातलं. म्हणजे ऑइल घालूनही इंजिन कोरडं चालू शकतं. म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करा.

एअर फिल्टर रोज काढून झटका. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. सिलिंडरच्या पात्यांमध्ये अडकलेलं गवतही काढा, नाहीतर इंजिन तापतं.

प्लग काढून बघितला की इंजिनाची तब्येत कळते. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळं, ओलसर असेल तर ऑइल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरट असेल तर इंजिन जास्त तापतंय, काम थांबवून मेकॅनिकला दाखवा. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी. ब्लेडला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायचीच, इंजिन बंद असलं तरी.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरत नाही.